न ठरलेल्या व्याह्यांचं गाव

नाशिकला राहणाऱ्या माणसाला पाहुण्यांना गाव दाखवावंच लागतं, हौस असो वा नसो. रामकुंड, सीतागुंफा, काळाराम, मग रिक्षा करून पांडवलेणी, आणि पाहुणे चिवट असले तर दुसऱ्या दिवशी त्र्यंबक. बँकेतली नोकरी सांभाळून मी कित्येक वर्षं हा फेरा केला आणि त्यातून एक गोष्ट शिकले. माणूस फार मन लावून गाव दाखवायला लागला, की समजावं, त्याला एखादा विषय निघायला नको आहे. माझी सटाण्याची नणंद एकदा घराच्या वाटणीचं बोलायला आली होती, तेव्हा मी तिला इतकी देवळं दाखवली की तिचे पाय सुजले. विषय न काढताच ती परतीच्या एसटीत बसली.

म्हणूनच इटलीतल्या त्या डोंगरावरच्या लहानशा गावात, मुलीचे वडील आम्हाला पहिल्याच सकाळी गावाच्या कोटाचा दरवाजा दाखवायला घेऊन निघाले, तेव्हा माझ्या मनात पाल चुकचुकली.

आम्ही तिथे गाव बघायला गेलो नव्हतो. बोलणी करायला गेलो होतो. आमचा मुलगा दिंडोरीकडच्या एका द्राक्षमळ्यात वाइन करण्याच्या कामावर आहे. ही मुलगी तिथे एक हंगाम शिकायला आली, दोघांचं जमलं, आणि हंगाम संपल्यावर ती वडिलांकडे परत गेली. लग्न करून नाशिकला राहायची तिची तयारी होती. अडचण एकच. तिची आई लहानपणीच गेलेली, भावंडं नाहीत, घरी वडील एकटे. मुलगी म्हणत होती, बाबा मनापासून हो म्हणाले तरच येईन, नाहीतर नाही. आणि बाबा हो म्हणत नव्हते, नाही म्हणत नव्हते, आम्ही फोन केला की मुलीमार्फत हवापाण्याचं बोलत होते. मुलाचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चालला होता. फेब्रुवारी महिना म्हणजे आमच्याकडे द्राक्षाच्या काढणीची घाई, त्याला मळा सोडता येईना. शेवटी मी म्हटलं, आम्ही दोघं जाऊन येतो. नणंदेने फोनवर ऐकवलंच, "मुलाकडचे असून तुम्ही जोडे झिजवताय? नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं ती हीच." मी तिला म्हटलं, नाक चांगलं धारदार आहे मुलीचं, तू काळजी करू नकोस.

आमच्या ह्यांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात गेली. त्यामुळे कुठलाही उंच मनोरा दिसला की हे आधी त्याच्या पायाकडे बघतात. मूळचे निफाडकडच्या खेड्यातले, आनंद झाला की भाषा गावाकडे वळते. विमानातून उतरून आम्ही त्या गावात पोचलो, डोंगराच्या माथ्यावर दगडी भिंतीच्या आत कोंबलेली घरं पाहिली आणि हे म्हणाले, "लय भारी जागा हाय. पण पाणी वर कसं चढवत असतील गं?"

मुलीचे वडील शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेले. उंच, किंचित वाकलेले, गळ्याला करडा मफलर. गावातल्या जुन्या वास्तूंच्या किल्ल्या त्यांच्याकडे असत, कारण त्या उघडून दाखवण्याचं काम त्यांनी हौसेने अंगावर घेतलं होतं. चालताना खिशात किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. त्यांना इंग्रजी चार शब्दांपलीकडे येत नव्हतं, आम्हाला इटालियन शून्य. मध्ये मुलगी. आणि मुलीचं मराठी मळ्यातल्या बायकांकडून शिकलेलं! गोरीपान, निळ्या डोळ्यांची ती पोरगी भिंतीकडे बोट करून म्हणाली, "काकू, बाबा म्हणतो, ह्यो दरवाजा लय जुना हाय. पन बंद केला. मानसं येत नाय, जात नाय." मी हसू दाबलं. हे मात्र खूश झाले. आपल्या गावचं माणूस भेटल्यासारखे तिच्याशी बोलायला लागले.

दरवाजा खरोखर बघण्यासारखा होता. कमान दगडाविटांनी बुजवून टाकलेली, वर झिजून गेलेलं कसलंसं चिन्ह. गावाला तीन दरवाजे, त्यातला हा कुठल्याशा साथीच्या काळात कायमचा बंद केलेला. वडील त्या बुजवलेल्या कमानीपुढे उभे राहिले, मफलर नीट केला, घसा साफ केला. काहीतरी महत्त्वाचं बोलणार असं वाटलं. तेवढ्यात मला राहवलं नाही. मी विचारलं, "दरवाजाची लाकडी दारं कुठे गेली? आणि बिजागऱ्या?"

मुलीने विचारलं. ते थबकले. मग त्यांचे डोळे एकदम लकाकले. त्यांनी मला हाताला धरून कमानीच्या कडेला नेलं, दगडातलं खोल भोक दाखवलं, त्यात बोट घालायला लावलं. दार फिरून फिरून ते भोक आतून गुळगुळीत झालेलं होतं. लाकूड कुठे गेलं, लोखंड कोणी नेलं, यावर ते इतका वेळ बोलले की मुलीचं मराठी संपलं आणि ती नुसती हात हलवायला लागली. जेवायची वेळ झाली. लग्नाचा विषय राहूनच गेला.

दुपारी नगरपालिकेच्या भिंतीपाशी गेलो. तिथे दगडात मापं कोरलेली होती. कापड मोजायची लांबी, विटेचा आकार, कौलाचा आकार. जुन्या काळी कोणाला दुकानदाराची शंका आली तर तो वीट घेऊन यायचा आणि भिंतीला लावून बघायचा. मला हे फार आवडलं. ह्यांनी वीत लावून मापं घेतली. वडील पुन्हा तसेच गंभीर उभे राहिले, आणि मी पुन्हा तोंड उघडलं. म्हटलं, आमच्या नाशिकला नदीचं माप एका मारुतीवर मोजतात. गोदावरीच्या पात्रात दोन तोंडांचा मोठा मारुती उभा आहे, पूर आला की लोक एकमेकांना विचारतात, पाणी कुठवर आलं? गुडघ्याला, कमरेला, की गळ्याला? त्यावरून गाव ठरवतं, किती घाबरायचं.

हे भाषांतर होऊन त्यांच्यापर्यंत पोचायला वेळ लागला. पोचलं तसे ते हसले. त्या दिवसात पहिल्यांदा. मग त्यांनीच प्रश्न केला. "बाबा इचारतो, देव पान्यात बुडतो, तं देवाला राग नाय येत?" मी म्हटलं, रागावत नसावा, पुढच्या पुराला पुन्हा तिथेच उभा असतो.

रात्री अंथरुणात शिरल्यावर हे म्हणाले, "अगं, नमनालाच घडाभर तेल घालतेयस. विषय काढ की."

"मी काढू? ते काढू देतायत का? ताकाला जाऊन भांडं लपवतायत ते."

"भांडं तूच लपवतेयस. त्यांनी तोंड उघडलं की तुझा प्रश्न हजर."

मला राग आला. पण खरं सांगायचं तर मला ते गाव आवडायला लागलं होतं, आणि प्रश्न माझ्या तोंडून आपोआप सुटत होते. आपल्याकडे पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. पांडवलेण्यांना मी पाहुण्यांबरोबर इतक्यांदा गेले, पण तिथल्या दगडाला बोट लावून कधी काही विचारलं नव्हतं. इथे प्रत्येक दगडाला जणू माझ्याच प्रश्नाचं उत्तर द्यायचं होतं.

दुसऱ्या दिवशी कपडे धुवायची जागा पाहिली. हसू नका, ती तिथे ऐतिहासिक वास्तू आहे. वर छप्पर, खाली झऱ्याचं वाहतं पाणी, भोवती उतरत्या दगडी फरश्या, आणि शेजारी माहितीची पाटी. मी पाटीचा फोटो काढला. म्हटलं, आमच्या घाटावर बायका रोज हेच करतात, त्यांच्याजवळ कोणी पाटी लावत नाही. मग फरशीचा उतार बरोबर आहे का ते बघायला मी बाह्या वर केल्या आणि माझा रुमाल तिथे धुतला. पाणी असं गार, की बोटं माझी आहेत की नाही कळेना. रस्त्याने एक म्हातारी चालली होती, वडिलांची शेजारीण. ती थांबली, रुमाल माझ्या हातून घेतला, आणि मी चुकीच्या बाजूने घासतेय हे मला तिच्या भाषेत चांगलं खडसावून सांगितलं. भाषांतराची गरजच पडली नाही. माझ्या सासूबाईंनी नेमकं तेच, त्याच सुरात सांगितलं होतं.

वडील झऱ्याच्या तोंडाशी उभे होते. म्हातारी गेल्यावर त्यांनी मुलीकडे बघितलं, मग आमच्याकडे. "बाबाला काय तरी बोलायचं हाय," मुलगी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. मुलाचा चेहरा डोळ्यापुढे आला. आणि भीतीपोटीच असेल, मी विचारून टाकलं, "हे पाणी येतं कुठून?"

झालं. आम्ही डोंगराच्या पोटातलं टाकं बघायला निघालो.

एक मात्र सांगायला हवं, माणूस मायाळू होता. आमचे हे प्रत्येक चर्चच्या दारात बूट काढायचे. देवळात बूट घालून जायचं ह्यांच्या अंगवळणीच पडेना. थंडगार फरशीवर मोज्यांनी चालायचे, आणि एका मोज्यातून अंगठा बाहेर. तिसऱ्या सकाळी वडिलांनी न बोलता ह्यांच्यापुढे जाड लोकरीचे मोजे ठेवले. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "नाय म्हणणारा मानूस मोजे देत नसतो." मी म्हटलं, सुतावरून स्वर्ग गाठू नका.

त्याच सकाळी, आमचा निघायचा दिवस दुसऱ्या दिवसावर आलेला असताना, ते आम्हाला चौकातल्या मनोऱ्याकडे घेऊन गेले. मनोऱ्याच्या पायथ्याशी एक प्रार्थनेची जागा होती, आपल्याकडच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळाएवढी. आत भिंतीवर एका संताचं अर्धं पुसलेलं चित्र होतं, ते दाखवायचं होतं. वडील आणि मुलगी आत जाऊन खिडकीची झडप उघडायला लागले. मी दारातच उंबरठ्याचा झिजलेला दगड बघत वाकले होते. ह्यांनी बूट काढले, नवे मोजे सारखे केले, आत पाऊल टाकलं. दाराशेजारी छतातून एक जाड दोर खाली आला होता. आणि ह्यांनी, साठ वर्षं जे केलं तेच केलं. डोळे मिटून हात वर नेला आणि दोर खेचला.

देवळात शिरताना घंटा वाजवायची, त्यात विचार करायचा असतो का? पण ही घंटा आपल्या देवळातली नव्हती. ती वर मनोऱ्याच्या टोकाला होती. आधी काहीच झालं नाही म्हणून ह्यांनी अजून जोर लावला. मग जो आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही. छातीत घुमला. दोर वर गेला तसे हेही चवड्यांवर उचलले गेले, घाबरून आणखी घट्ट धरलं, आणि परत एक ठोका पडला.

मुलगी धावत दारापाशी आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "काका! काका, ह्यी घंटा नाय वाजवायची!"

मग तिने घाईघाईत सांगितलं ते असं. तासांचे ठोके पलीकडच्या चर्चमधून पडतात, विजेवर. ही घंटा गावाची. आग, भूकंप, लढाई, असलं काही असेल तरच वाजवायची. आणि ती वाजली की सगळ्यांनी चौकात यायचं, आणि जो कोणी वाजवेल त्याने पायरीवर उभं राहून कशासाठी वाजवली ते सांगायचं. तिच्या आयुष्यात ती कधी वाजलेली नव्हती.

लोक यायला लागले होते. बेकरीवाला कोपरापर्यंत पीठ लागलेल्या हातांनी. न्हाव्याकडचं गिऱ्हाईक गळ्यात फडकं बांधलेलं तसंच. सपाता घातलेल्या म्हाताऱ्या, पोरांना कडेवर घेतलेल्या बाया. काल रुमालावरून खडसावणारी शेजारीण सगळ्यांच्या पुढे. कोणी वर बघत होतं, कोणी धूर शोधत होतं. आणि मग सगळ्यांची नजर आमच्यावर येऊन थांबली. मी पंजाबी ड्रेसवर ह्यांचा जुना कोट घातलेली, हे मोज्यांवर, हात अजून दोराच्या उंचीला. मला वाटलं धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. आता कसलं लग्न आणि कसलं काय.

मुलगी पुढे झाली आणि हसून काहीतरी बोलायला लागली. 'टुरिस्ट' एवढा शब्द मला कळला. गर्दीतले चेहरे सैल पडले, एकदोघं हसले, बेकरीवाला परत फिरला. प्रकरण तिथेच मिटलं असतं.

पण वडील बाहेर आले. त्यांनी मुलीच्या खांद्यावर हात ठेवून तिला बाजूला केलं आणि पायरीवर उभे राहिले. मफलर सारखा केला. या वेळी विचारायला माझ्या तोंडात एकही प्रश्न नव्हता. ते मोठ्याने दोन वाक्यं बोलले. बेकरीवाला जागीच थांबला. मुलगी दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं. मला वाटलं, पोलिसांना बोलावणार.

"बाबा म्हणला," ती रडत रडत सांगायला लागली, "ह्ये टुरिस्ट नाय. माझी पोरगी ह्यांच्या घरी चालली. भारतात. घंटा त्याच्यासाठी वाजली."

गावात कोणालाच हे माहीत नव्हतं. त्यांनी कोणाला सांगितलंच नव्हतं. शेजारीण पुढे आली. मला वाटलं मुलीला जवळ घेईल. ती सरळ वडिलांकडे गेली आणि दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला, जसा लहान मुलाचा धरतात. मग एकेक जण येऊन आमचे हात हातात घ्यायला लागला. ह्यांच्या हाताला पीठ लागलं. हे प्रत्येकाला मराठीत म्हणत होते, "चुकून झालं हो, सवयीनं झालं."

त्या संध्याकाळी व्याह्यांनी (आता तसं म्हणायला हरकत नव्हती) स्वतः स्वयंपाक केला. सगळ्यांना वाढून झाल्यावर ते जेवायला बसले. मग बोलायला लागले, मुलगी जमेल तसं मराठीत आणत होती. "बाबा म्हणतो, तुमी यायच्या आधी ठरवलं व्हतं, नाय सांगायचं. घरात कसं नाय म्हणनार? पाहुनं हायेत. म्हनून बाहेर घेऊन गेला. दरवाजापाशी सांगनार व्हता. तं काकूनं बिजागरी इचारली." ती मध्येच थांबली. आपल्याच बापाने आपल्या लग्नाला द्यायचा ठरवलेला नकार ती आपल्याच तोंडाने सांगत होती. "मग भिंतीपाशी. मग पान्यापाशी. काकू दर टायमाला इचारायची. बाबा म्हणतो, गावात आता कोन इचारत नाय. शाळंतली पोरंबी नाय इचारत. मला सांगायला लय आवडतं. सांगता सांगता नाय म्हनायचं राहून गेलं."

हे खो खो हसले. व्याहीही हसले. मग ते मुलीकडे बघून हळू आवाजात अजून एक वाक्य बोलले. ते तिने मराठीत आणलं नाही. उठून ताटल्या उचलायला लागली. मीही विचारलं नाही. आनंदात होते, मुलाला फोन करायची घाई झाली होती, मला वाटलं, बापलेकीचं काही असेल.

लग्न नाशिकलाच झालं. व्याही आले, मोज्यांनी देवळांतून हिंडले, महिनाभर राहून परत गेले. सून आता आमच्या घरात रुळली आहे. भाषा मात्र मळ्यातलीच, शेजारणी मुद्दाम ऐकायला येतात. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. बोलता बोलता कसा कोण जाणे त्या संध्याकाळचा विषय निघाला आणि मी सहज विचारलं, "तुझे बाबा शेवटी काय म्हणाले होते गं? तू सांगितलंच नाहीस."

तिने हातातली शेंग उघडली, दाणे काढले नाहीत.

"बाबा म्हणला व्हता, तू लहान व्हती तेव्हा तूच इचारायची. आता तू बी चालली, अन् ही नवी इचारनारी बी चालली."

खरंच, त्या गावातून निघताना मी खूश होते, मुलाचं काम फत्ते झालं म्हणून. दरवाजापाशी, भिंतीपाशी, पाण्यापाशी इतकं सगळं विचारलं त्या माणसाला, पण आम्ही गेल्यावर त्याचं कसं होणार, हे मात्र विचारलं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं ते मी तिच्यापासून लपवलं नाही.

"फोन लाव त्यांना," म्हटलं.

"काय बोलायचं, काकू?"

"लाव तर."

तिकडे दुपार व्हायची होती. पडद्यावर व्याह्यांचा चेहरा आला, मागे स्वयंपाकघराची खिडकी. मला बघून ते सरसावून बसले. त्यांना वाटलं, हिला काहीतरी जाणून घ्यायचं आहे. आणि इतकी बडबडी मी, मला एकही दगड, एकही दरवाजा आठवेना. शेवटी आपण सगळ्यांना विचारतो तेच विचारलं.

"जेवलात का?"

सुनेने ते त्यांच्या भाषेत विचारलं. ते क्षणभर बघत राहिले. मग फोन घेऊन उठले, चुलीपाशी गेले आणि पातेल्यावरचं झाकण काढून आम्हाला आत काय शिजतंय ते दाखवायला लागले.